मीठ, ग्लायसिन आणि मुतखडा



अमिनो आम्लांचे स्फटिक हा धनजमध्ये बसून बोलायचा विषय आहे का, अशी शंका कुणाच्याही मनात येईल. आमचं उत्तर सरळ आहे. हा सोयाबीन आणि तुरीचा पट्टा. दाणा घ्या, त्यातलं प्रथिन घ्या, ते आम्लात उकळून मोडा, की हाती येतात ती अमिनो आम्लं. म्हणजे वस्तू आपल्या घरातलीच आहे, नाव तेवढं परकं. पण सुरुवात आपण अमिनो आम्लांपासून करणार नाही, मिठापासून करू. का, ते पुढे कळेल.

धनजपासून जवळचा समुद्र म्हटला तरी पाचशेएक किलोमीटर लांब. जुन्या काळी वऱ्हाडात मीठ यायचं ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. ज्या पोहरादेवीला आज लाखो लोक जातात ती शेजारच्या मानोरा तालुक्यात आहे, आणि त्या समाजाची लदेणी म्हणजे प्रामुख्यानं धान्य आणि मीठ यांचीच वाहतूक होती. दुसरी सोय जवळ होती. पूर्णेच्या खोऱ्यात, ज्याला आपण खारपाणपट्टा म्हणतो तिथं, खाऱ्या विहिरींचं पाणी आटवून मीठ काढत असत. इंग्रजी अमदानीत ते बंद झालं. म्हणून १९३० साली गांधीजी दांडीला गेले तेव्हा वऱ्हाडातल्या माणसांना समुद्र शोधत जावं लागलं नाही. अकोला जिल्ह्यातल्या दहीहांडा इथं त्यांनी विहिरीचं खारं पाणी आटवलं आणि कायदा मोडला. वाशीम जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, त्याआधी आपणही अकोल्यातच होतो. तेव्हा ही गोष्ट आपल्याच जिल्ह्याची म्हणायला हरकत नाही.

इतिहासाच्या पुस्तकात हा सत्याग्रह दोन ओळींत संपतो. आपण आज त्या आटणाऱ्या पाण्यात जरा डोकावू.

विहिरीच्या पाण्यात नुसतं मीठ कधीच नसतं. मॅग्नेशियमचे क्षार असतात, सल्फेट असतं, आणखी बरंच काही. पाणी आटत जातं, एका हद्दीपलीकडे मीठ विरघळलेलं राहू शकत नाही, आणि त्याचे कण खाली बसू लागतात. गंमत अशी की त्या कणांत बहुतांशी मीठच असतं. बाकीचं मागे उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. स्फटिक स्वतःसारख्यांनाच आत घेतो, परक्याला बाहेर ठेवतो. म्हणूनच रसायनशास्त्रात एखादी वस्तू शुद्ध करायची असली की पहिला सल्ला असतो, स्फटिक पाडा. कॉलेजात हेच शिकवतात आणि ते बरोबरच आहे.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. बाहेर ठेवलेला परका गप्प बसत नाही.

१७८३ साली पॅरिसमध्ये रोमे द लील नावाच्या स्फटिकशास्त्रज्ञानं एक निरीक्षण छापलं. मिठाचे कण चौकोनी, म्हणजे घनाच्या आकाराचे असतात, हे सगळ्यांना माहीत होतं. भिंगाखाली स्वयंपाकघरातलं मीठ बघा, दिसेल. त्यानं सांगितलं की मिठाच्या पाण्यात मूत्र मिसळलं तर घन मिळत नाहीत, अष्टफलक मिळतात. दोन पिरॅमिड तळाला तळ लावून चिकटवावेत तसा आकार. मीठ तेच, चव तीच, रूप दुसरं. मूत्रातला युरिया हे काम करतो, हे नंतर समजलं. आजही युरिया घालून हा प्रयोग शाळेत करता येतो. युरियाची गोणी तर आपल्याकडे दारातच असते. (ते मीठ खायचं मात्र नाही.)

असं का होतं? इथं एक उलटं वाटणारं सूत्र लक्षात ठेवू. स्फटिकाची जी बाजू हळू वाढते, तीच शेवटी मोठी दिसते. जी बाजू भराभर वाढते ती पुढे सरकता सरकता निमुळती होते आणि कोपऱ्यात नाहीशी होते. शुद्ध पाण्यात मिठाचे घनाचे सहा पैलू सगळ्यांत सावकाश वाढतात, म्हणून ते टिकतात. समजा दुसऱ्या एखाद्या जातीच्या पैलूवर परका रेणू येऊन चिकटला आणि त्याची वाढ रोखली, तर तो पैलू मागे राहील आणि मागे राहिला म्हणूनच मोठा दिसेल. युरिया अष्टफलकाच्या पैलूंना असंच मागे ओढतो.

हे काम आपल्या घरी रोज चालतं. गुलाबजामाच्या पाकात लिंबू पिळतात ते चवीसाठी नव्हे, पाक साखरू नये म्हणून. लिंबाच्या आंबटपणामुळे थोड्या साखरेचे दोन तुकडे पडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. हे तुकडे साखरेसारखे दिसतात पण साखर नव्हेत. साखरेचे रेणू रांग लावू पाहतात आणि हे मध्ये येतात. ज्या कुणी पहिल्यांदा पाकात लिंबू पिळलं, त्या बाईचं नाव कुठल्याही रसायनशास्त्राच्या इतिहासात नाही. असायला हवं होतं.

पुढची दीडशे वर्षं हा विषय अशाच सुट्या निरीक्षणांचा राहिला. अमुक घातलं तर तमुक आकार येतो. इंग्लंडात मँचेस्टरला बकली नावाच्या संशोधकानं तर शेकडो रंगद्रव्यं मिठांच्या द्रावणांत घालून काय होतं ते नोंदवलं आणि १९५१ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पण कुठला रेणू कुठल्या पैलूवर बसेल हे आधी सांगता येत नव्हतं. घालून बघा, झालं तर झालं. यादी मोठी, नियम नाही.

नियम सापडला तो अमिनो आम्लांमुळे. आणि आमच्या मते हीच या इतिहासातली मुख्य घटना आहे.

सगळ्यांत साधं अमिनो आम्ल म्हणजे ग्लायसिन. १८२० मध्ये फ्रान्सच्या नान्सी शहरात आंरी ब्राकोनो यानं सरस, म्हणजे हाडा-कातड्यापासून निघणारं जिलेटिन, गंधकाम्लात उकळलं. हाती गोड चवीचे स्फटिक आले. त्याला ती एक प्रकारची साखरच वाटली, म्हणून नाव दिलं जिलेटिनची साखर. साखर ती नव्हतीच, पण गोडव्यावरून ग्रीक भाषेतला शब्द घेऊन पुढे ग्लायसिन हे नाव रूढ झालं.

या ग्लायसिनचे स्फटिक तीन तऱ्हांनी रचले जातात. रेणू तोच, मांडणी वेगळी. त्यांना अल्फा, बीटा आणि गॅमा म्हणतात. साध्या पाण्यातून अल्फा पडतो. पाण्यात अल्कोहोल घातलं तर बीटा येतो, तो नाजूक असतो, फार टिकत नाही. गॅमा बराच उशिरा, १९५० च्या दशकात जपानमध्ये यीताका यांनी ओळखला. त्यांनी पाण्यात अ‍ॅसेटिक आम्ल किंवा अमोनिया घालून तो मिळवला होता. आता यातलं कोडं बघा. नेहमीच्या तापमानाला तिघांत सर्वांत टिकाऊ रचना गॅमाची आहे. तरी निव्वळ पाण्यातून ती सहसा येत नाही, अल्फाच पुढे होतो. कुणीतरी तिसरा पाण्यात असावा लागतो, तेव्हा गॅमाला वाट मिळते. आम्ल, अल्कली, आणि हो, आपलं साधं मीठसुद्धा ते काम करतं. गॅमा दाबला की त्यावर वीजभार दिसतो, अल्फाला ते जमत नाही. म्हणजे हा नुसता दिसण्याचा फरक नाही. चिमूटभर उपऱ्या वस्तूनं पदार्थाचा गुणच बदलतो.

आणि इथं आपण मिठाकडे परत येतो. १९४९ मध्ये अमेरिकेत एक छोटा शोधनिबंध आला, फेनिमोर आणि थ्रेलकिल यांचा. त्यांचं म्हणणं असं की मीठ आणि ग्लायसिनसारखे रेणू एकमेकांचे आकार बदलतात. ग्लायसिन भरपूर असलेल्या पाण्यातून मीठ पाडलं तर घन येत नाही, बारा पैलूंचा, जवळपास गोल दिसणारा दाणा येतो. त्याचं कारण ग्लायसिनच्या घडणीत आहे. त्याच्या एका टोकाला धन भार आणि दुसऱ्याला ऋण, आणि मिठातही धन सोडियम नि ऋण क्लोराइड एकाआड एक. ठरावीक पैलूवर हे दोन्ही बरोबर जुळतात.

ही प्रयोगशाळेतली गंमत म्हणून राहिली असती. पण गुजरातमध्ये भावनगरला १९५४ पासून मीठ आणि सागरी रसायनांची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी या शतकाच्या पहिल्या दशकात हाच धागा उचलला. पावसाळ्यात मिठाचा खडा होतो हा आपला सगळ्यांचा अनुभव. चौकोनी कणांचे सपाट पैलू एकमेकांना चिकटून बसतात, त्यात ओल शिरली की गठ्ठा. बारा पैलूंचे दाणे एकमेकांना फारसे टेकत नाहीत, ते वाहते राहतात. पुड्यातलं मीठ मोकळं राहावं म्हणून कारखान्यात जे पदार्थ घालतात त्यांतही एक असा आहे, पोटॅशियम फेरोसायनाइड. तो अगदी अल्प प्रमाणात लागतो. त्याचं काम ओल शोषणं नव्हे, मिठाच्या कणांमध्ये पूल बांधले जात असताना ते भक्कम होऊ न देणं हे आहे. नाव भीतीदायक आहे खरं, पण त्यातला सायनाइड लोखंडाला इतका घट्ट बांधलेला असतो की अन्नात त्याला मर्यादित परवानगी आहे.

आता नियमाकडे. १९८० च्या आसपास इस्रायलच्या वाइझमान संस्थेत मेइर लहाव आणि लेस्ली लायझरोवित्स ही जोडी काम करत होती, सोबत लिया अदादी, इसाबेल वाइसबुख ही मंडळी. त्यांनी प्रश्न उलटा केला. काय घातलं तर काय होतं, हे बघत बसण्याऐवजी त्यांनी विचारलं, अमुक पैलू थांबवायचा असेल तर रेणू कसा शिवावा? त्यांनी वापरलेला शब्दही शिंप्याकडचाच आहे, मापानं शिवलेला.

त्यांची कल्पना विटेच्या भिंतीवरून समजून घेऊ. गवंडी थर चढवतो आहे. त्याच्या ढिगात तुम्ही अगदी दुसरंच काही टाकलं, दगडगोटा समजा, तर तो उचलून फेकेल. पण हुबेहूब तशीच वीट टाकली, फक्त एका बाजूला तिला बोटभर टोक आलेलं आहे, तर ती तो बेसावधपणे लावून टाकेल. टोक भिंतीच्या बाहेर आलं की त्यावर पुढचा थर बसणार नाही. म्हणजे काम अडवायला पूर्ण परका चालत नाही आणि पूर्ण आपलाही चालत नाही. नव्वद टक्के आपला आणि एका टोकाला वेगळा, असाच लागतो. टोक कुठल्या बाजूला आहे यावर कुठली भिंत थांबणार हे ठरतं, आणि ते आधी कागदावर काढता येतं.

अमिनो आम्लं या कामाला नामी, कारण ती सगळी एकाच साच्याची. एक टोक धन, एक टोक ऋण, मधे कार्बन, आणि त्या कार्बनला लागलेली एक बाजूची शेपटी. शेपटी प्रत्येकाची वेगळी. ग्लायसिनला शेपटीच नाही, तिथं नुसता हायड्रोजन. तेव्हा ग्लायसिनच्या भिंतीत अ‍ॅलनिन किंवा ल्युसिन ही शेपटीवाली वीट बेमालूम जाते.

त्यात आणखी एक पेच आहे, डावं-उजवं. ग्लायसिन सोडून ही आम्लं दोन रूपांत असू शकतात, डाव्या नि उजव्या हातासारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा. सजीवांच्या प्रथिनांत जवळजवळ सर्वत्र डावंच रूप, एल. ग्लायसिनच्या अल्फा स्फटिकाला समोरासमोर दोन बाजू आहेत. एका बाजूवर बसताना एल रूपाची शेपटी बाहेर येते, दुसऱ्या बाजूवर ती आत जाऊ बघते आणि तिथं जागाच नसते. म्हणून एल फक्त एका बाजूला शिरतं आणि तीच बाजू अडते. उजवं, म्हणजे डी, समोरच्या बाजूला. एल घालून वाढवलेला स्फटिक एकीकडून चपटा, दुसरीकडून टोकदार निघाला. डी घातल्यावर बरोबर उलट. नुसत्या डोळ्यांनी दिसणारा आकार न दिसणाऱ्या रेणूचा हात कुठला ते सांगू लागला.

१९८४ मध्ये त्यांनी आणखी पुढचं दाखवलं. पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे ग्लायसिनचे स्फटिक एकच बाजू खाली करून तरंगत असतील, तर ते द्रावणातल्या मिश्रणातून फक्त एकाच हाताचे रेणू आत ओढतात. दुसऱ्या हाताचे पाण्यात साठत जातात. पृथ्वीवर जीवसृष्टीनं डावाच हात का निवडला असेल, या मोठ्या प्रश्नाचं एक संभाव्य उत्तर असं बशीतल्या पाण्यावर तरंगताना दिसलं. ते खरंच तसं घडलं असं कुणी म्हणत नाही, पण घडू शकतं एवढं सिद्ध झालं. लहाव आणि लायझरोवित्स यांना २०२१ चा रसायनशास्त्राचा वुल्फ पुरस्कार मिळाला.

कारखानदारांना हे अनुभवानं थोडं आधी कळलं होतं. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि अजिनोमोटोचा जन्म झाला. ग्लुटामिक आम्लाचेही दोन स्फटिक. अल्फा जाडसर दाण्यांचा, गाळायला सोपा. बीटा पातळ सुयांसारखा, चिखल होतो, पाणी धरून ठेवतो. टिकाऊ मात्र बीटा. जपानी संशोधकांना आढळलं की फिनाइलअ‍ॅलनिनसारखी दुसरी अमिनो आम्लं द्रावणात असली की बीटा मागे राहतो आणि अल्फा हाती येतो. हा सगळा पैशाचा हिशोब आहे, गाळणीपाशी किती तास जातात याचा. त्यात फार थांबायला नको.

थांबायचं आहे ते शरीरात पडणाऱ्या स्फटिकापाशी.

मुतखडा आपल्याकडे कुणाला माहीत नाही? उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या कुठल्याही दवाखान्यात कमरेला हात लावून वळवळणारा माणूस दिसतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पण शंभरातले एक-दोन वेगळे. १८१० मध्ये लंडनच्या विल्यम वोलास्टन यांनी मूत्राशयातल्या एका खड्याची तपासणी केली, तो आधीच्या कुठल्याच प्रकारात बसेना. मूत्राशयावरून त्यांनी त्याला नाव दिलं, त्यातूनच पुढे सिस्टिन हा शब्द आला. सिस्टिन हे अमिनो आम्ल आहे. अमिनो आम्ल ही संकल्पना जन्माला यायच्या कितीतरी आधी माणसाला हाती लागलेलं हे दुसरं अमिनो आम्ल. पहिलं चार वर्षं आधी, आपल्या शतावरीच्या कुळातल्या ॲस्परॅगसच्या रसातून मिळालं होतं.

सिस्टिनचा खडा होतो तो खाण्यापिण्याच्या चुकीनं नव्हे. हा जन्मजात दोष आहे. आर्चिबाल्ड गॅरड यांनी १९०८ च्या त्यांच्या प्रसिद्ध व्याख्यानांत तो चयापचयाच्या उपजत दोषांत घातला. १९५० च्या सुमारास डेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं दाखवलं की मूत्रपिंड चार अमिनो आम्लं परत शोषून घेऊ शकत नाही. चौघांतली तीन पाण्यात सहज विरघळतात, निघून जातात. चौथं सिस्टिन, ते विरघळत नाही. षटकोनी चपटे स्फटिक पडतात आणि त्यांचा दगड होतो. खडा काढला तरी पुन्हा होतो, कारण मूळ दोष तसाच. लहानपणी सुरू होतो आणि आयुष्यभर साथ सोडत नाही. उपचार काय? पाणी. इतकं पाणी की रात्री झोपेतून उठूनही प्यायचं. शिवाय मूत्र अल्कधर्मी ठेवणारी औषधं, आणि सिस्टिनचा रेणू फोडणारी पेनिसिलामिनसारखी औषधं, ज्यांचे दुष्परिणाम बऱ्याच जणांना झेपत नाहीत.

मग न्यूयॉर्कच्या मायकेल वॉर्ड, जेफ्री रिमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाइझमानची वीट उचलली. सिस्टिनचा रेणू लांबट, दोन सारखे अर्धे गंधकाच्या पुलानं जोडलेले. त्यांनी दोन्ही टोकांना छोटी भर घातलेला जवळचा भाऊ घेतला, सिस्टिन डायमिथाइल एस्टर. बारीक सुईनं पृष्ठभाग चाचपून चित्र काढणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी जिवंत वाढता स्फटिक बघितला. षटकोनी पायऱ्या जिन्यासारख्या गोल गोल फिरत बाहेर पसरत होत्या. भाऊ थोडासा सोडला, आणि पायऱ्या अडल्या, त्यांच्या कडा खरबरीत झाल्या. २०१० मध्ये हे ‘सायन्स’ नियतकालिकात आलं. हा पदार्थ खडा विरघळवत नाही, सिस्टिनला मोडत नाही. फक्त पुढची वीट बसू देत नाही.

पाकातल्या लिंबासारखंच झालं की हे, असं कुणाला वाटेल. बरोबर आहे, जवळजवळ. आणि लिंबाचं दुसरं एक काम इथं सांगून टाकू. डॉक्टर कॅल्शियमच्या खड्यावर सायट्रेट देतात, ते लिंबातलंच. तिथं साखरेचे तुकडे पाडणं वगैरे काही नाही. सायट्रेट कॅल्शियमला धरतं, आणि कॅल्शियम ऑक्झलेटच्या पैलूंवर बसून त्यांना वाढूही देत नाही. एकाच फळाची दोन घरांतली दोन वेगळी कामं. म्हणून ‘लिंबू पाणी प्या, सगळे खडे जातात’ असं जे कुणीही सांगतं, ते तसंच्या तसं घेऊ नये. खडा कशाचा आहे हे आधी तपासावं लागतं. अटकाव करणारा रेणू खड्याच्या मापाचा असावा लागतो, शेजाऱ्याच्या खड्याचं औषध आपल्या खड्याला बसेलच असं नाही.

सिस्टिनच्या भावाचं पुढे काय झालं? हाच दोष असलेल्या उंदरांवर तो वापरून पाहिला, खडे लहान राहिले. पण एस्टर हा जोड शरीरात लवकर तुटतो. म्हणून त्याच गटानं टोकाचा जोड बदलून अमाइडची नवी रूपं तयार केली, जी पोटातून आणि रक्तातून जाताना टिकतात. उंदरांत त्यांचे परिणाम चांगले दिसले आहेत. माणसाला चिठ्ठीवर लिहून देण्याइतपत ते काम अजून आलेलं नाही. सिस्टिनचा खडा असलेलं पोर आजही रात्री दोन वाजता उठवलं जातं आणि तांब्याभर पाणी पितं.